आधी वेळापत्रक, मग इमारत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपूरच्या नव्या विमानतळ इमारतीची रंगीत चित्रं पुन्हा छापून येऊ लागली आहेत. काचेच्या भिंती, उंच छत, पुढे ताडामाडाची झाडं (नागपुरात ताडमाड कुठून येणार ते चित्रकारालाच माहीत) आणि बॅगा ओढत चाललेली गोरीगोमटी माणसं. चित्राखालच्या मजकुराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘देशाच्या मध्यभागी असल्यामुळे नागपूरला...’ मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून हे वाक्य वाचतो आहे. मंत्री बदलले, कंपन्या बदलल्या, प्रकल्पाची नावं बदलली, वाक्य तेच राहिलं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

माझी नोकरी डाक खात्यात झाली, आर.एम.एस.च्या (रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे डाकेची वर्गवारी आणि वाहतूक बघणारी शाखा) एफ डिव्हिजनमध्ये. सुरुवातीची काही वर्षं मी सोनेगावला, म्हणजे याच विमानतळावर, रात्रपाळीत होतो. आजच्या पिढीला सांगून खरं वाटत नाही, पण देशाची विमान डाक तेव्हा रोज रात्री नागपुरात येऊन एकमेकींना भेटायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला उतरायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची. मग दिल्लीचं विमान बाकी तिघांची डाक घेऊन दिल्लीला परत, मद्रासचं मद्रासला, असं करत उजाडेपर्यंत चारही आपापल्या घरी. जानेवारी १९४९ मध्ये हे सुरू झालं. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत पत्रांना विमानाचं जादा तिकीट लावायची गरज उरली नाही. साधं पत्र विमानानं जाऊ लागलं. मद्रासला संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या पोस्टमनच्या हातात पडू शकत होतं, तेही साध्या तिकिटात. ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली.

नागपूरच का, याचं उत्तर त्या काळच्या विमानात होतं. डाकोटा तासाला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर जायचं. नागपूर या चारही शहरांपासून हवाई मार्गानं साधारण सातशे ते हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे प्रत्येकाला तीन-चार तास. संध्याकाळची डाक बंद करून निघालं, मध्ये उतरून अदलाबदल केली, की सकाळी पोहोचायला वेळ बरोबर बसायचा. पुढे स्कायमास्टर आली, व्हायकाउंट आली, पण घडी तीच राहिली. आमच्या वेळी व्हायकाउंटच्या इंजिनाची शिट्टी जैताळ्याकडून ऐकू आली की वजनकाट्याजवळ पेंगणारा माणूसही उठून उभा राहायचा.

काम कसं चालायचं ते थोडं सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. स्टेशनवरून लाल मेल मोटर यायची. गावातली आणि गाड्यांनी आलेली डाक तिच्यात असे. थैल्यांच्या तोंडाला सुतळी, सुतळीवर लाखेचा शिक्का आणि बाजूला ठिकाणाचं लेबल. प्रत्येक थैली यादीशी पडताळायची, वजन लिहायचं, आणि ज्या विमानाची त्याच्याच हातगाडीवर ठेवायची. मद्रासची थैली चुकून दिल्लीच्या गाडीवर पडली, तर ती दोन दिवस देशभर फिरून परत आपल्यासमोर येते आणि सोबत वरून स्पष्टीकरण मागणारा कागदही येतो. चार विमानं उतरली की चार दिशांचे हमाल, चार याद्या आणि एकच पटांगण. डिसेंबरात बोटं इतकी गारठायची की सुतळीची गाठ बसत नसे. मे महिन्यात रात्री दोन वाजतासुद्धा डांबर तापलेलं असायचं. एकदा एका नव्या पोरानं विचारलं, “भाऊ, एवढी घाई कायले करून राहिले? विमान काय आपल्याले सोडून जाते का?” आमचे मुकादम म्हणाले, “एक थांबलं ना बे, तर चारही थांबते.”

खरी गोम तीच होती. पावसाळ्यात कलकत्त्याच्या विमानाला उशीर झाला तर बाकीच्या तिघांचं काय करायचं, हा निर्णय रोजचा होता. फार थांबवलं तर उद्या तीन शहरांत पहिल्या वाटपाला डाक नाही. सोडून दिलं तर कलकत्त्याची डाक एक दिवस मागे. त्यावर फोन चालायचे, साहेबांचे आवाज चढायचे, आणि शेवटी कुणीतरी घड्याळाकडे बघून हो किंवा नाही म्हणायचा. मी पोरगेला होतो, निर्णय माझ्याकडे नव्हता. पण एवढं तेव्हाच कळलं की सोनेगावचं सगळं महत्त्व ती चार विमानं एकाच वेळी जमिनीवर असण्यात आहे. तास-दोन तासांची ती भेट काढून टाकली की उरतं ते माळरानावरचं एक पटांगण.

या विमानांतून प्रवासीही जात. मधल्या वेळात ते उपाहारगृहात बसायचे, चहा-ऑम्लेट खायचे, काही जण खुर्चीतच मान टाकून झोपायचे. ती इमारत १९५३ ची. तिच्यात विश्रांतीच्या खोल्या होत्या, पुस्तकांचा स्टॉल होता आणि विमानं बघायला आलेल्यांसाठी गॅलरीही होती. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे ती थोडी ऐटीत बांधली होती. रविवारी संध्याकाळी लोक बायकामुलांना घेऊन सायकलवर, टांग्यानं विमान बघायला यायचे. विमानतळ गावाचा होता म्हणा ना. आज आत शिरायला तिकीट दाखवावं लागतं. त्याची कारणं मला कळतात, तक्रार नाही.

१९५३ सालाची आणखी एक आठवण या जागेची आहे, ती आम्हाला जुन्या लोकांनी सांगितलेली. १२ डिसेंबरच्या रात्री डाक घेऊन उडालेलं एक डाकोटा इथंच उड्डाणानंतर लगेच कोसळलं. १३ जण गेले, वैमानिक तेवढे वाचले. कामगार चळवळीतले हरिहरनाथ शास्त्री त्या विमानात होते. डाकही जळाली. आमचे वरिष्ठ सांगायचे की त्या रात्रीनंतर बरेच दिवस विमान धावपट्टीवरून वर उचललं जाईपर्यंत कुणी गाडी हलवत नसे. विमानतळावर आज त्या १३ जणांसाठी एखादी पाटी असावी असं कुणाला वाटलेलं नाही.

सोनेगावचा इतिहास याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७-१८ मध्ये, ब्रिटिश हवाई दलासाठी इथं मैदान तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांचा हा टप्पा झाला आणि तेव्हा इमारती उभ्या राहिल्या. इंग्रज गेले, जागा आपल्या सरकारकडे आली. हवाई दल आजही शेजारी आहे. पुढच्या विस्ताराचे बरेच घोळ जमिनीच्या त्या अदलाबदलीत अडकले, तो विषय वेगळा आणि कंटाळवाणा आहे.

आणि १९५६. विमानतळाला बाबासाहेबांचं नाव १५ ऑक्टोबर २००५ ला दिलं गेलं, धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी. बहुतेकांना वाटतं की दीक्षाभूमी नागपुरात आहे म्हणून हे नाव. ते खरंच आहे, पण तेवढंच नाही. दीक्षेसाठी बाबासाहेब ११ ऑक्टोबर १९५६ ला दिल्लीहून विमानानं नागपूरला आले ते इथंच उतरले. आणि दोन महिने होण्याच्या आत, ६ डिसेंबरच्या रात्री त्यांचं पार्थिव दिल्लीहून मुंबईला नेणारं विमान मध्यरात्री पुन्हा सोनेगावला थांबलं. लोकांनी इथं त्यांचं दर्शन घेतलं. आमच्याबरोबर इंदोऱ्याचे एक वयस्कर सहकारी होते, ते त्या गर्दीत होते. रात्रपाळीत कुणी जास्त खिदळायला लागलं की ते म्हणायचे, “इथं बाबासाहेबांचं विमान उभं होतं, जरा हळू.” विमानाची नेमकी जागा ते हातानं दाखवायचे. त्या हाताच्या दिशेचा पत्ता आता कुणाकडे आहे?

डाक सेवा ७३ ला बंद झाली. माझ्या मते कारण साधं होतं. जेट विमानं आली, मोठी शहरं एकमेकांशी थेट जोडली गेली. मुंबईहून कलकत्त्याला अडीच तासांत जाता येत असेल तर मध्ये उतरायचं कशाला? देशाचा मध्य नकाशावर तिथंच राहिला, पण विमानांना त्याची गरज उरली नाही. ही गोष्ट आम्हा डाकवाल्यांना १९७३ मध्ये समजली. भाषणं करणाऱ्यांना ती अजून समजलेली दिसत नाही. झिरो माइलचा दगड दाखवून विमानं खाली उतरत नाहीत. रात्री गच्चीवर गेलं तर डोक्यावरून कितीतरी परदेशी विमानं लुकलुकत जाताना दिसतात. त्यातलं एखादं खाली येतं ते बहुतेक कुणी प्रवासी आजारी पडला म्हणून.

याच संदर्भात माझ्या पुतण्यानं मध्यंतरी एक गोष्ट सांगितली आणि मी दोन दिवस चडफडत होतो. अमेरिकेतल्या फेडेक्स या कुरिअर कंपनीनं १७ एप्रिल १९७३ ला मेम्फिस गावातून रात्रीची सेवा सुरू केली. पहिल्या रात्री १४ विमानं आणि २५ शहरं. पद्धत अशी की सगळ्या शहरांतली पार्सलं रात्री एका मधल्या गावात आणायची, तिथं वाटायची आणि पहाटे परत पाठवायची. म्हणजे आमची सोनेगावची रात्र! आपण ती घडी चोवीस वर्षं चालवली आणि ज्या वर्षी तिकडे कुणीतरी तीच नव्यानं मांडली, त्याच वर्षी आपण आवरून ठेवली. मेम्फिसही फार मोठं शहर नाही. पण तिथं रात्री विमानांनी केव्हा यायचं आणि केव्हा निघायचं हे कुणीतरी रोज बसून ठरवतं. तेवढ्यावर त्या गावाचा विमानतळ जगातल्या सर्वांत मोठ्या मालवाहू विमानतळांमध्ये गणला जातो.

आता अलीकडचं. २००२ मध्ये राज्य सरकारनं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली आणि विमानतळाभोवतीचा मिहान प्रकल्प जाहीर झाला. चार हजारांहून जास्त हेक्टर जागा, विशेष आर्थिक क्षेत्र, मालवाहतुकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र, दुसरी धावपट्टी असं सगळं एका दमात. शिवणगाव, जैताळा, खापरी, दहेगाव, तेल्हारा या गावांतल्या लोकांनी जमिनी दिल्या. दिल्या म्हणजे काही आनंदानं दिल्या नाहीत. शिवणगावच्या लोकांनी मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी किती चपला झिजवल्या ते वर्धा रोडवर राहणाऱ्या कुणालाही विचारावं. त्यांना सांगितलं होतं की इथं जगभरची विमानं येणार.

१४ एप्रिल २००८ ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, सध्याच्या इमारतीचं उद्घाटन झालं. त्याच्या आदल्या महिन्यात हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सुरू झाला होता आणि पुढच्या महिन्यात बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला. तीन महिन्यांत तीन शहरं. हैदराबादची प्रवासीसंख्या आज वर्षाला दोन कोटींच्या पुढे आहे. आपली तीस लाखांच्या आसपास रेंगाळते. हैदराबाद मोठं शहर आहे, तिथं संगणकाच्या कंपन्या आहेत, हे मान्य. पण तेवढंच कारण असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. गोंदियाचं उदाहरण घ्या. बिरसी विमानतळावरून डिसेंबर २०२३ मध्ये विमान सुरू झालं ते हैदराबादला. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं ते मुंबईला. ज्याला नागपूर गाठायचं तो रेल्वेनं दोन-अडीच तासांत पोहोचतो, त्याला इथं विमान नको, हे कळण्याइतका मी शहाणा आहे. पण गोंदियाच्या माणसाला पुढे चेन्नई किंवा दुबई गाठायची असेल तर तो हैदराबादवरून जातो, कारण तिथं उतरलं की तास-दोन तासांत पुढचं विमान आहे. नागपूरला आला तर पुढचं विमान बहुधा दुसऱ्या दिवशी, नाही तर आधी मुंबई. विदर्भातला माणूस सुद्धा नागपूरवरून जात नसेल, तर मध्य भारताचं केंद्र आपण कुणासाठी व्हायचं?

सध्याच्या इमारतीतून मीही जातो-येतो. इमारत वाईट नाही. २००९ पासून कारभार मिहान इंडिया लिमिटेडकडे आला, तीत राज्याच्या कंपनीचा वाटा ५१ टक्के आणि विमानतळ प्राधिकरणाचा ४९. शारजा आणि दोहाची विमानं सुरू झाली, त्यामुळे आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या लोकांची सोय झाली. हे मोठं काम झालं, ते नाकारायचं कारण नाही. एअर इंडियानं ६८ बोइंग घेतली तेव्हा बोइंगनं भारतात विमान दुरुस्ती केंद्र उभारायचं कबूल केलं होतं. ते मिहानमध्ये झालं, २०१५ मध्ये सुरू झालं. तिथं पोरं शिकली, कामाला लागली. मिहानमधून प्रत्यक्ष हाताला काय लागलं असं विचारलं तर मी आधी त्या हँगरकडे बोट दाखवीन. २०१९ पासून मेट्रो धावते. ‘एअरपोर्ट’ नावाचं स्टेशन वर्धा रोडवर आहे आणि विमानतळ तिथून आत. हातात दोन बॅगा आणि सोबत म्हातारी असेल तर त्या नावाचा काही उपयोग नाही. नवीन आराखड्यात एवढं तरी जोडा.

मग आली खासगीकरणाची कहाणी. विमानतळ चालवायला देण्यासाठी २०१८ मध्ये काढलेल्या निविदेत जीएमआर ही खासगी कंपनी पुढे होती, महसुलातला ५.७६ टक्के वाटा देणार म्हणून. वाटाघाटीत तो १४.४९ झाला. मार्च २०१९ मध्ये काम दिल्याचं पत्र दिलं, मार्च २०२० मध्ये ते रद्द केलं. कंपनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली, २०२१ मध्ये जिंकली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच निकाल कायम केला. त्यावर पुन्हा अर्ज. शेवटचा अर्ज २७ सप्टेंबर २०२४ ला निकाली निघाला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात करारही झाला, पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीनं कोनशिलाही झाली. कोण बरोबर, कोण चूक, ते न्यायालयानं सांगितलं आहे. मी फक्त वर्षं मोजतो. या काळात धावपट्टी तीच, इमारत तीच, आणि मुंबई-दिल्लीच्या सकाळच्या विमानांचं भाडं ऐकून आमच्यासारखा पेन्शनर दुरंतोचं तिकीट काढतो.

आता सात हजार कोटींची गोष्ट आहे. पैसा येऊ द्या, दुसरी धावपट्टी होऊ द्या, मी विरोधक नाही. पण एका डाकवाल्याची मागणी एवढीच आहे की इमारतीच्या चित्राआधी वेळापत्रक छापा. कुठल्या शहरातून कुठलं विमान कोणत्या वेळी नागपुरात येणार, आणि त्यातल्या माणसाला किंवा मालाला पुढे न्यायला दुसरं कोणतं विमान तेव्हा तयार उभं असणार? रायपूर, जबलपूर, भोपाळ, नांदेड ही गावं सकाळी आठच्या आत नागपूरला आणून नऊच्या सुमारास मोठ्या शहरांकडे सोडता येतील का? संध्याकाळी उलटं करता येईल का? विमान कंपन्या म्हणतील की आमचं धंद्याचं गणित आहे. बरोबर आहे. मग नव्या चालकानं आणि सरकारनं पहिली काही वर्षं उतरण्याचं शुल्क माफ करून, रिकाम्या खुर्च्यांचा भार उचलून ते गणित जुळवावं. लहान मार्गांसाठी केंद्राची उडान योजना असंच करते. सात हजार कोटींच्या काचेपेक्षा हे स्वस्त पडेल.

आणि रात्र. रात्रीचे मधले तास इथं बऱ्यापैकी मोकळे असतात. मुंबईला विमान उतरवायला वेळेची जागा मिळवण्यासाठी मारामारी आहे. आता घरोघरी पार्सलं येतात. औषधं, मोबाइल, यंत्रांचे सुटे भाग, सगळं एका रात्रीत हवं असतं. मालवाहू विमानं रात्री इथं आणा, एकमेकांत माल वाटा, पहाटे सोडा. वरून आता समृद्धी महामार्ग आहे. २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला, आणि तो सुरू होतो विमानतळापासून फार दूर नाही अशा ठिकाणी. विमानातून उतरलेला माल सकाळपर्यंत अकोला, वाशीम, जालन्याला जाऊ शकतो आणि तिकडचा माल इकडे येऊ शकतो. संत्र्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नागपूरच्या विमानतळाची बातमी आली की संत्रं येतंच, आणि शेतकऱ्याच्या बागेत शीतगृह येत नाही. आधी तिथं पैसे लावा, मग विमानाचं बघू.

यासाठी जग पालथं घालून सल्लागार आणायची गरज नाही. याच जमिनीवर हे चोवीस वर्षं रोज रात्री झालं आहे. संगणक नव्हता, मोबाइल नव्हता, थैलीवर लाखेचा शिक्का होता. चार विमानांच्या जागी दहा-बारा आली तर आकडे मोठे होतील, पण घड्याळाचा नियम तोच राहील.

शेवटी एक छोटी मागणी, पैशानं फुकटच म्हणा. नव्या इमारतीत दुकानं असणारच, हजार रुपयांची कॉफीही असेल. त्यातली एक भिंत या जागेच्या इतिहासाला द्यावी. १९१७ च्या मैदानापासून सुरुवात करा. ६ डिसेंबरच्या रात्रीची नोंद करा, १९५३ मध्ये गेलेल्या तेरा जणांची नावं लिहा, आमच्या रात्रीच्या विमान डाकेच्या चार शहरांचा नकाशा लावा, आणि शिवणगावच्या लोकांचंही विसरू नका. यासाठी कागद लागतील. विमानतळाच्या जुन्या नोंदी मुंबई-दिल्लीच्या कार्यालयांत असतील. डाक खात्याच्या बाजूच्या नोंदवह्या, याद्या, हजेरीपट आर.एम.एस.च्या जुन्या दप्तरात कुठेतरी बांधलेले असायला हवेत, रद्दीत गेले नसतील तर. खात्यातल्या आजच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे की एकदा ती कपाटं उघडा. त्या रात्रपाळीतले आम्ही काही जण अजून नागपुरात आहोत. कुणी टेपरेकॉर्डर घेऊन आलं तर बसून सांगू, चहाही पाजू. फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका, त्या वेळी झोप असते.

आपला,
एक निवृत्त आर.एम.एस. कर्मचारी,
वर्धा रोड, नागपूर